गाणं कुणाचं, ते सांगणारं मासिक

खारेपाटातल्या बायांना, रोह्याकडच्या वाड्यापाड्यांवरच्या बहिणींना आणि आत्ता भाकरी थापता थापता कान इकडे देणाऱ्या सगळ्याजणींना आमचा नमस्कार.

आम्ही म्हणजे पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आमच्यात कुणी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, कुणी पोहे-पापड विकते, कुणी भातशेती बघते. एरवी या वेळेला आम्ही हप्ता, व्याज, बँक असंच बोलतो. आज बोलणार आहोत संगीताच्या मासिकांबद्दल. हसू नका हं. हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो. एक ताई तर म्हणाली, "मासिक वाचून काय गळा सुधारतो होय?"

झालं असं, की पेणमधल्या एका निवृत्त गुरुजींनी घर आवरायला काढलं. त्यांच्याकडे संगीताच्या जुन्या मासिकांचा मोठा गठ्ठा होता. रद्दीत घालायला जीव होईना, म्हणून त्यांनी तो आमच्या गटाच्या वाचनपेटीसाठी दिला. आमची भजनाची सवय त्यांना माहीत होती. गणपती संपले, कारखान्यातली कामं उरकली, आणि आम्ही तो गठ्ठा सोडला.

त्यात तीन तऱ्हेचे अंक होते. काही 'संगीत कला विहार'चे. हे मासिक अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं, 1947 पासूनचं. आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका अशा गाण्याच्या परीक्षा देतात ना, त्या घेणारं हेच मंडळ. काही अंक उत्तर प्रदेशातल्या हाथरसहून निघणाऱ्या 'संगीत' या हिंदी मासिकाचे होते. ते 1935 साली काका हाथरसी यांनी सुरू केलं. काका विनोदी कविता करायचे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची मासिकं. आमचे हात अर्थातच आधी त्या रंगीत अंकांकडे गेले.

अर्ध्या तासात ते अंक बघून झाले. कोणत्या गायिकेने कोणती साडी नेसली, कुणाच्या घरी कोणती गाडी आहे, एवढंच. गाण्याबद्दल त्यात ओळभरही सापडेना. मग आम्ही साध्या कागदाचे जुने अंक उघडले, तर तिथे सा, रे, ग, म आणि वर-खाली टिंबं, रेघा. एकीला वाटलं, मुंग्या चालल्यात.

आमच्या एका ताईची मुलगी प्रवेशिकेला बसली होती. तिने समजावलं, की याला स्वरलिपी म्हणतात. वरच्या ओळीत स्वर, खाली गाण्याचे शब्द, आणि त्याखाली तालाच्या मात्रा. शब्द लांबवायचा असेल तिथे अवग्रहाचं चिन्ह. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ घरं मोजायची आणि कोणत्या घरात कोणता स्वर बसतो ते बघायचं. विणकामाचा नमुना वाचतो तसंच की हे!

मोठ्या उत्साहाने आम्ही एक भजन काढायला बसलो. पेटी एकीने धरली, बाकीच्यांनी सूर लावला. पण गाणं मध्येच असं वर चढायचं, की आमच्या नसा ताठ व्हायच्या. तीन दिवस ओरडून घसे बसले. शेवटी गुरुजींना विचारलं, तर ते हसायला लागले. म्हणाले, "बायांनो, स्वरलिपीच्या दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो वरच्या सप्तकातला. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे खालच्या सप्तकातला. तुम्ही एकीचा नियम दुसरीला लावलात."

म्हणजे जिथे खाली उतरायचं, तिथे आम्ही चढत होतो!

त्या फजितीतून आमची पहिली कसोटी ठरली. चांगलं संगीत मासिक ते, जे वाचून गाता येतं. आणि आपल्या खुणांचा अर्थ ते पहिल्याच पानावर सांगून ठेवतं. वाचणारी बाई नवखी आहे, तिच्याशेजारी गुरुजी बसलेले नाहीत, हे ज्या संपादकाच्या ध्यानात असतं, त्याचं मासिक आपल्या कामाचं.

ज्यांच्या नावाची ही पद्धत, ते विष्णू दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, पुढे मिरजेला ते गाणं शिकले. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिकही चालवलं. त्या काळी गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायचं. गुरूने दिलं तर मिळायचं, नाही तर नाही. छापलेली स्वरलिपी मात्र कुणालाही उघडून बघता येत होती. गाणं असं घराबाहेर पडलं, म्हणून तर आज आपल्या तालुक्यातली मुलगी परीक्षेला बसते.

दुसरी कसोटी आम्हाला 'संगीत कला विहार'च्या जुन्या अंकांत सापडली. बी. आर. देवधर त्याचे बरीच वर्षं संपादक होते. कुमार गंधर्वांचे ते गुरू. गवयांबद्दल त्यांनी लिहिलेले लेख पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आले. अमुक गवई कुणाकडे शिकला, त्याने काय सोसलं, कुणाचं काय उचललं, हे त्यात माणसासारखं सांगितलेलं असतं. गाण्याच्या मागचं माणूस त्यात दिसतं. ही आमची दुसरी कसोटी.

तिसरी कसोटी मात्र आम्हाला मासिकाने शिकवली नाही. ती एका आजींनी शिकवली.

आपल्या आगरी लग्नात धवलारीण असते, हे तुम्हाला सांगायला नको. मांडवापासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिच्या तोंडी असतो. ती एक ओळ म्हणणार आणि बाकीच्या बाया ती उचलणार. आमच्या एका गावात अशा एक वयस्क धवलारीण आजी आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण रात्रभर गातील एवढं त्यांना पाठ आहे. अलीकडे हळदीला डीजे लागतो, आजींना थोडा वेळ बसवतात आणि आवाज वाढवायच्या वेळी उठवतात.

काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कुणीतरी आलं. दोन दुपार बसून मोबाइलवर गाणी भरून घेतली, चहा प्यायले आणि गेले. पुढे त्यांतले काही धवले एका पुस्तिकेत छापून आले. आमच्या एका ताईला ती पुस्तिका बाजारात दिसली, तिने ती कौतुकाने आजींना नेऊन दाखवली आणि वाचूनही दाखवली. आजींनी सगळं ऐकलं. आपलेच शब्द ओळखून मान डोलावली. मग विचारलं, "पोरी, यान माजा नाव कुठं हाय?"

नाव कुठेच नव्हतं. गाण्याखाली 'पारंपरिक' एवढंच छापलं होतं.

आम्ही त्यावर खूप बोललो. एक ताई म्हणाली, "गाणं तर आजीच्या आजीचं. त्यांनी कुठं रचलं? मग नाव कशाला?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण दुसरी म्हणाली, "आपण बीज साठवतो, तेव्हा बीज कुणी जन्माला घातलं हे विचारत नाही. पण कोणत्या घराने ते राखलं, हे गावाला माहीत असतं." हे सगळ्यांना पटलं. रचणारी ठाऊक नसेल तर पारंपरिक म्हणा, पण राखणारीचं नाव तर ठाऊक आहे ना!

नाव राहिलं की काय होतं, हेही बघा. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नाची गाणीच, आपल्या धवल्याचीच बहीण. ते लिहून ठेवले गेले आणि त्यांच्याबरोबर तिचं नावही राहिलं. म्हणून आज सातशे वर्षांनंतर मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिला ओळखतात. तिच्या काळात इतर बायाही गात असतीलच की. त्यांची नावं कुठे आहेत?

आणि नावानिशी नोंद करणं अवघड असतं असंही नाही. रोह्याहून कोलाडला जाऊन ताम्हिणी घाट चढलं की पलीकडे मुळशी. तिथल्या आणि इतर गावांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या. 'पारी'च्या संकेतस्थळावर आता त्या ऐकायला मिळतात, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव-गाव असतं. एवढ्या मोठ्या कामात नावं जपता येतात, तर चार पानांत का जपता येऊ नयेत?

तर ही तिसरी कसोटी: गाणं कुणाकडून आलं, ते चांगलं मासिक सांगतं.

आता आमचा बेत ऐका. आम्ही स्वतःच एक मासिक काढतोय. हाताने लिहायचं आणि झेरॉक्स काढायच्या. पहिला अंक धवल्यांचा. आजींकडे जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, देवाचे काही धवले मांडवाबाहेर म्हणायचे नसतात, ते लिहू नका. ते आम्ही सोडले. बाकीचे त्यांच्याच बोलीत लिहितोय, कारण शाळेतल्या मराठीत बसवले तर त्यांची चाल मोडते. प्रत्येक गाण्याला गाणारीचं नाव, गाव, ती कुणाकडून शिकली आणि ते कोणत्या विधीला म्हणतात, एवढं असणार. परीक्षा दिलेली मुलगी स्वरलिपी करतेय. पण ती म्हणते, आजींचा सूर दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी झुलतो, तो कागदावर धरता येत नाही. म्हणून गाणी मोबाइलवरही भरून घेतोय आणि अंकात तसं स्पष्ट लिहितोय. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरेल, त्यातला वाटा गाणारीला. तो गटाच्या वहीत लिहिला जाईल, सगळ्यांसमोर.

हे घाईने करतोय, त्याचं कारण सांगतो. नागोठण्याच्या बाजूच्या एका गावात दुसऱ्या एक धवलारीण होत्या. आम्ही ठरवलं होतं, भात कापून झालं की जायचं. भात कापून झालं आणि गेलो, तर घरासमोर मांडव काढत होते. त्यांच्या तेराव्याचा. सून म्हणाली, "सासूबाई तुमची वाट बघत होत्या." त्यांच्या गळ्यात काय काय होतं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. पुढच्या बैठकीला बचतीबरोबर एक कोरा कागद आणा. तुमच्या घरात, आळीत, वाडीवर जी कुणी गाते, धवला असो, गौरीचं गाणं असो, फेराचं असो, तिच्याजवळ बसा. तिची परवानगी घ्या. कागदावर सगळ्यात वर तिचं नाव लिहा. गाणं त्याच्या खाली.

आजींना आम्ही पहिल्या पानाचा कच्चा मसुदा दाखवला. त्यांनी विचारलं, नाव कुठे आहे? आम्ही बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या जागेवरून त्यांनी दोनदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "आता लिवा, सांगते."

आम्ही लिहितोय. तुम्हीही लिहा. नमस्कार.