शिस्त आचरणाची, की स्वभावाची?



अमरावती असो वा अकोला, पहाटेच्या अंधारात शहराबाहेरच्या रस्त्यांवर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. १.६ किलोमीटरची धाव, ९ फुटांचा खड्डा, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी अशा सर्व चाळण्यांतून उतरलेला एखादा तरुण समलैंगिक असेल आणि ते त्याने लपविले नाही, तर त्याला गणवेश मिळावा काय? हा प्रश्न परदेशातला म्हणून टाळता येणार नाही. उद्या तो वऱ्हाडातील एखाद्या घराच्या उंबरठ्यावरही उभा राहील.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. सैन्याची गोष्ट मात्र निराळी आहे. घटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. १९५० च्या लष्कर कायद्यातील कलम ४६ अन्वये ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जानेवारी २०१९ मध्ये सैन्यात ही गोष्ट चालू देणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते.

या भूमिकेमागील चिंता क्षुल्लक नाही. बराकीत आणि बर्फातल्या चौकीत जवान खांद्याला खांदा लावून राहतात. तेथे परस्परविश्वास ढळला तर प्राणावर बेतते. सैन्य ही सामाजिक प्रयोगांची शाळा नव्हे.

परंतु विश्वास ढळतो तो कशाने? वरिष्ठाने कनिष्ठावर अधिकाराचा दबाव आणल्याने, मर्यादाभंगाने, पक्षपाताने. हे दोष स्त्री-पुरुष संबंधांतही घडतात. म्हणून कोणी स्त्रियांना गणवेश नाकारत नाही. दोषी व्यक्तीला शिक्षा होते. शिस्त आचरणाला लागते, स्वभावाला नव्हे. उलट, ज्याला आपला स्वभाव जन्मभर दडवावा लागतो, त्याच्या गुपितावर शत्रूचा हेर टपून बसू शकतो.

ब्रिटनने जानेवारी २००० मध्ये ही बंदी उठविली. अमेरिकेत ती सप्टेंबर २०११ मध्ये संपली. ती सैन्ये त्यामुळे मोडली नाहीत. तरीही पाश्चात्त्यांचे अनुकरण हे काही आपले प्रमाण नव्हे. महाभारताच्या सभापर्वात जरासंधाचे सेनानी हंस आणि डिंभक यांची कथा येते. एकाच्या मृत्यूची वार्ता ऐकताच दुसऱ्याने यमुनेत देह टाकला. मग पहिल्यानेही तेच केले. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये याच जोडीचा दाखला देऊन, असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असे प्रतिपादन केले होते.

१९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. आखाड्याच्या मातीत पाहिला जातो तो दम, संयम आणि गुरूची आज्ञा.

सैन्यानेही हीच कसोटी लावावी. मर्यादेचा नियम सर्वांना एकच असावा, तो मोडणाऱ्याची गय नसावी आणि तो नियम सैन्याने स्वतःच्या विवेकाने लिहावा. घराघरांतून मात्र एवढे व्हावे, की देशासाठी धावणाऱ्या मुलाला आईवडिलांशी खोटे बोलावे लागू नये. सत्य लपविण्याचे ओझे पाठीवर घेऊन कोणीही सीमेवर जाऊ नये.