आजार उतरल्यावरचे दिवस
(महोत्सवाच्या दांपत्यमेळाव्यांत केलेलें भाषण)



विवाहाच्या दिवशीं वेदीपुढें उभे राहून आपण आरोग्यांत व आजारपणांत एकमेकांस साथ देण्याचें वचन देतों. त्या वेळीं आजारपण म्हणजे चार दिवसांचा ताप, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें असतें.

आपल्या या तोरणमाळच्या डोंगरांत, खालच्या एका पाड्यावर, एक दांपत्य राहतें. श्रावणांत पत्नीस क्षय झाल्याचें कळलें. तिला झोळींत घालून आणलें, तेव्हां झोळीस खांदा द्यावयास सारा पाडा आला. दोन महिने चार औषधें व पुढें चार महिने तीन, असा हा साधारणतः सहा महिन्यांचा उपचार. दुसरा महिना सरतां सरतां खोकला थांबला, गाल भरले, आणि मदतीस येणारीं माणसें आपापल्या कामास लागलीं. मीही त्यांतलाच. "आतां बरी दिसतेस, पाणी भरावयास लाग," असें मीं तिला सहज म्हटलें. ती हसली. हंडा उचलतांना तिचे हात कांपतात, हें तिच्या पतीनें पाहिलें होतें, मीं नव्हे.

वरून प्रकृति सुधारली तरी शरीरांतील सारे जंतु मेलेले नसतात. याच सुमारास औषध सोडलें तर रोग उलटूं शकतो, आणि कधीं कधीं मग नेहमींच्या औषधांस दाद देत नाहीं.

दिवाळीनंतर इकडचीं कुटुंबें ऊसतोडीस गुजराथेंत उतरतात. पतीनें मुकादमाकडून उचल घेतलेली होती. त्यानें बकऱ्या विकून ती फेडली व तो घरीं राहिला. ज्यांना जाणें भागच आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं आरोग्य केंद्रांत सांगावें. औषध दुसऱ्या गांवीं चालू ठेवण्याची सोय आहे. पोषणासाठीं रुग्णास पूर्वीं दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत.

डोक्यावर हंडा घेतलेला, भाकरी थापणारा पुरुष पाहून लोक हसले. नातलगांनीं तिचें ताट वेगळें काढलें होतें. हा त्याच ताटांत जेवूं लागला. हा रोग भांड्यांतून पसरत नाहीं, हें त्याला दवाखान्यांत सांगितलेलें होतें. हीच सेवा पत्नीनें केली असती तर कोणी वळूनही पाहिलें नसतें! बाबा आमट्यांना पाठीच्या कण्याच्या विकारानें बसतां येत नसे. १९९० सालीं ते नर्मदाकाठीं कसरावदला राहावयास गेले, तेव्हां साधनाताई बरोबर होत्या. बाबांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांच्यामागें राबलेल्या हातांची आठवण किती जणांस होते?

एका संध्याकाळीं तो थकून तिच्यावर ओरडला, "आणखी किती दिवस?" (ही गोष्ट पापनिवेदनांतील नव्हे, ओट्यावर बसून तिच्यादेखत त्यानें ती मला सांगितली, व येथें सांगण्यास दोघांचीही संमति आहे.) ती रात्रभर बोलली नाहीं. सकाळीं तिनें गोळ्या घेतल्या नाहींत. त्यानें क्षमा मागितली नाहीं. त्याला तें जमत नाहीं. गोळ्या व पाणी हातांत धरून तो तिच्यापुढें बसून राहिला, उन्हें वर येईपर्यंत.

औषध संपून आतां वर्ष होत आलें. परवां ती मंडपासाठीं फुलें घेऊन आली होती. चढावर हंडा मात्र अजून तोच घेतो.