विद्यापीठांची विद्यार्थिगणना आणि आपले गाव

(खंडाळा, जि. सातारा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



आकडेवारीवरील भाषणास श्रोते मिळणे कठीण, हा माहिती खात्यातील माणसाचा नित्याचा अनुभव आहे. आज आपण एवढ्या संख्येने आलात याचे कारण विषय नव्हे, तर आपल्यापैकीच काही सदस्यांनी विचारलेला प्रश्न आहे. खंडाळा तालुक्यातील किती मुले आणि किती मुली आज महाविद्यालयात शिकत आहेत, असा तो प्रश्न होता. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र पंचायत समितीत मिळाले नाही, महाविद्यालयांत मिळाले नाही आणि विद्यापीठाकडूनही ते मिळण्यासारखे नाही. कोणी माहिती दडवून ठेवली आहे असे नाही. ज्या पद्धतीने देशभर विद्यार्थी मोजले जातात, त्या पद्धतीत हा प्रश्न बसतच नाही. तो का बसत नाही, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही मोजणी होते कशी ते पाहू. २०१०-११ या वर्षापासून केंद्र शासनाचे शिक्षण मंत्रालय, जे त्या वेळी मनुष्यबळ विकास मंत्रालय म्हणून ओळखले जाई, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण करीत आले आहे. त्यापूर्वीही विद्यापीठ अनुदान आयोग व मंत्रालय विद्यापीठांकडून प्रपत्रे मागवीत. परंतु सर्व प्रपत्रे परत येत नसत आणि आलेल्यांचा मेळ बसत नसे. नव्या सर्वेक्षणात विद्यापीठासाठी एक, महाविद्यालयासाठी दुसरे आणि तंत्रनिकेतन किंवा अध्यापक विद्यालय यांसारख्या संस्थांसाठी तिसरे, अशी तीन प्रपत्रे ठरविण्यात आली. प्रत्येक संस्थेस स्वतःचा संकेतांक मिळाला. महाविद्यालयातील एका अध्यापकास वा कर्मचाऱ्यास समन्वय अधिकारी नेमावयाचे, त्याने माहिती भरावयाची, विद्यापीठाच्या समन्वय अधिकाऱ्याने ती तपासावयाची आणि राज्याच्या अधिकाऱ्याने पाठपुरावा करावयाचा, अशी ही साखळी आहे. २०२०-२१ पासून माहिती थेट संगणकीय संकेतस्थळावर भरली जाते.

हा संकेतांक केवळ कागदी बाब नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर संस्थेची ओळख त्यावरूनच पटते. तो नसेल तर विद्यार्थ्याचा अर्ज पुढे सरकत नाही. प्रपत्र भरण्यात चालढकल करणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यावे.

आता प्रपत्रात विद्यार्थ्यांची संख्या भरावयाची म्हणजे नेमकी कोणती? येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. समजा, एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षास १२० जागा मंजूर आहेत. त्यांपैकी ९६ जणांनी प्रवेश घेतला. विद्यापीठाकडे पात्रतेसाठी कागदपत्रे गेली तेव्हा पाच जणांनी दाखला काढून दुसरीकडे धाव घेतली होती. म्हणजे ९१ जणांना कायम नोंदणी क्रमांक मिळाला. सत्राच्या परीक्षेचा अर्ज ८४ जणांनीच भरला. १२०, ९६, ९१ आणि ८४ हे चारही आकडे खरे आहेत आणि चारही त्याच महाविद्यालयाच्या दप्तरात आहेत. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत १२० छापले जाते, प्राचार्यांच्या वार्षिक अहवालात ९६ येते, विद्यापीठाच्या पात्रता विभागात ९१ आढळते आणि परीक्षा विभाग ८४ सांगतो. सर्वेक्षणास हवी असते ती ठरलेल्या संदर्भ तारखेस प्रत्यक्ष पटावर असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. प्रारंभीच्या सर्वेक्षणांत ही तारीख ३० सप्टेंबर होती. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की त्या दिवशी प्रथम वर्षाचा पट अर्धवट भरलेला असतो, आणि मग लिपिकापुढे प्रश्न उभा राहतो की तारखेस प्रामाणिक राहावे की वर्षास. माझ्या मते तारखेस प्रामाणिक राहिलेला आकडा कमी दिसला तरी अधिक उपयोगाचा असतो. कारण तो गेल्या वर्षाच्या त्याच दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

शिक्षक बंधूंना पटाचा इतिहास सांगावयास नको. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या राज्यात सर्व शाळांची एकाच वेळी तीन दिवस विशेष पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पटावर शिक्षकांची पदे आणि अनुदान अवलंबून असले की पट फुगण्याचा मोह होतो, हे तेव्हा उघड झाले. महाविद्यालयांतही कार्यभार विद्यार्थिसंख्येवरच ठरतो. म्हणून प्राचार्यांची स्वाक्षरी होण्यापूर्वी प्रपत्रातील आकडा शुल्काच्या पावत्यांशी आणि पात्रता यादीशी ताडून पाहण्याची शिस्त लागणे अगत्याचे आहे. हे काम एका दुपारचे असते.

आपल्या भागाचे उदाहरण घेऊ. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली कोल्हापूर येथे झाली, तेव्हा त्याच्या कक्षेत ३४ महाविद्यालये आणि सुमारे १४,००० विद्यार्थी होते. कार्यक्षेत्रात सातारा, सांगली, कोल्हापूर यांबरोबर सोलापूर जिल्हाही होता. २००४ मध्ये सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि तेथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या रकान्यातून वजा झाली. पुढे २०२१ मध्ये सातारा येथे रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. तेही विद्यार्थी त्याच इमारतींत, त्याच बाकांवर बसून, दुसऱ्या विद्यापीठाच्या नावे मोजले जाऊ लागले. एखाद्याने केवळ विद्यापीठाचे वार्षिक अहवाल पुढे ठेवून आलेख काढला, तर त्या त्या वर्षी विद्यार्थी कोठे नाहीसे झाले असा त्यास भ्रम व्हावयाचा. एकाही विद्यार्थ्याने शिक्षण सोडलेले नसते.

आपल्या तालुक्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे नाही. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहे. परिचर्येचा अभ्यास करणारी मुलगी नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाची विद्यार्थिनी ठरते. महाविद्यालयाच्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असेल तर रविवारी येणारे विद्यार्थी त्या महाविद्यालयाचे नव्हेत. त्यांची संख्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ देते. आणि आपल्याकडील आणखी एक गमतीची गोष्ट अशी की वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय, म्हणजे अकरावी व बारावीचे वर्ग, उच्च शिक्षणाच्या मोजणीत येतच नाहीत. ते शालेय शिक्षणाच्या यू-डायस प्रणालीत मोजले जातात. एकच प्रवेशद्वार, एकच ग्रंथालय, पुष्कळदा एकच कार्यालय, आणि दोन निरनिराळ्या गणना! नवख्या लिपिकाने कनिष्ठ विभागाची मुले वरिष्ठ विभागाच्या प्रपत्रात मिळविली तर फारसे आश्चर्य वाटावयास नको. तपासणाऱ्याने ते पकडले पाहिजे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे सर्वेक्षण विद्यार्थी जेथे शिकतो तेथे त्याला मोजते; तो कोणत्या गावचा, याचा रकाना त्यात नाही. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येतात. ते सर्व सातारा जिल्ह्याच्या बेरजेत पडतात. उलट शिरवळची मुलगी नीरा नदी ओलांडून भोरला वा पुण्याला शिकावयास गेली, लोणंदची मुलगी सोमेश्वरनगर वा बारामतीस गेली, की ती पुणे जिल्ह्याच्या बेरजेत जाते. आपल्या तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ हा त्यांचा जन्मदिवस. पुणे विद्यापीठास २०१४ पासून त्यांचे नाव आहे. आज नायगावची एखादी मुलगी पुण्याच्या महाविद्यालयात दाखल झाली तर ती सावित्रीबाईंच्याच नावाच्या विद्यापीठात मोजली जाते, पण नायगावच्या खाती तिची नोंद कोठेही होत नाही.

जातिसंवर्गांच्या बाबतीतही असेच होते. आपल्या राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमातींचे निरनिराळे गट व विशेष मागास प्रवर्ग यांना स्वतंत्र स्थान आहे आणि महाविद्यालयाच्या प्रवेश नोंदवहीत ते तसे लिहिलेलेही असते. केंद्राच्या प्रपत्रात मात्र त्यांच्यासाठी वेगळा रकाना नाही. या तालुक्यातील मेंढपाळ कुटुंबांतील किती मुली पदवीपर्यंत पोहोचल्या हे राष्ट्रीय अहवालात शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. मूळ नोंदवहीत ते आहे. वर जाताना ते पुसले जाते.

मग वर काय पोहोचते? जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. विद्यार्थिसंख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. १८ ते २३ वर्षे वयाच्या दर शंभर व्यक्तींमागे उच्च शिक्षणातील विद्यार्थी किती, या स्थूल नोंदणी प्रमाणाचा आकडा २८.४ होता; मुलांचे प्रमाण २८.३ तर मुलींचे २८.५. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

या प्रमाणाविषयी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. अंशस्थानी विद्यार्थी असतात आणि छेदस्थानी लोकसंख्येचा अंदाज. २०१९-२० साठी प्रथम जाहीर झालेले प्रमाण २७.१ होते. तेव्हा छेदातील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवरून अंदाजिलेली होती. पुढे २०११ च्या जनगणनेवर आधारलेले अंदाज वापरले, तेव्हा त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ भरले. विद्यार्थी तेच, महाविद्यालये तीच. वर्तमानपत्रात 'घट' किंवा 'वाढ' असा मथळा वाचला की छेद बदलला आहे काय, हे आधी विचारावे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढील काळात असा बदल पुन्हा होणे अटळ आहे.

मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा किंचित पुढे गेले, हे वाचून समाधान वाटते आणि ते वाटावे. परंतु राष्ट्रीय सरासरीतून आपल्या वाडीचे काही कळत नाही. शाळेची गणना बारावीस संपते. आता ती विद्यार्थिनिहाय होते. मूल एका शाळेतून दुसरीत गेले तर त्याची नोंदही मागोमाग जाते. उच्च शिक्षणाचे सर्वेक्षण सुरू होते ते ज्यांनी प्रवेश घेतला त्यांच्यापासून, आणि तेथे नावे नव्हे तर संख्या भरल्या जातात. या दोहोंच्या मध्ये जी मुलगी थांबली, बारावी उत्तीर्ण होऊन घरी बसली, जिचे लग्न ठरले, जी एस.टी.ची वेळ जुळत नाही म्हणून गेली नाही, ती कोणत्याही गणनेत नाही. शाळेच्या दृष्टीने ती उत्तीर्ण होऊन गेली. विद्यापीठाच्या दृष्टीने ती कधी आलीच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत मिळाली आहे. ही सवलत तिच्यापर्यंत पोहोचवावयाची तर ती कोण आहे हे प्रथम कळावयास हवे.

'अपार' हा बारा अंकी विद्यार्थी ओळखक्रमांक शाळा व महाविद्यालय दोन्हींकडे चालावा अशी योजना आहे आणि त्यातून कालांतराने ही दरी बुजू शकेल. तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. गावात किंवा जवळच्या गावी बारावीचा वर्ग आहे. तेथील मुख्याध्यापक वा प्राचार्यांकडे गतवर्षी उत्तीर्ण झालेल्यांची यादी असते. एखाद्या गावात ती दहा नावांची असेल, एखाद्या गावात पन्नास. महाविद्यालयांचे प्रवेश ऑगस्टअखेर बहुतांशी आटोपतात. सप्टेंबर महिन्यात शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी मिळून त्या घरी जावे आणि एका साध्या वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: नाव, सध्या कोठे शिकते, कोणता अभ्यासक्रम, जाण्यायेण्याचे साधन, आणि शिकत नसेल तर कारण. नावे सभेत वाचू नयेत. तो त्या कुटुंबाचा खाजगी मामला आहे. संख्या आणि कारणे मात्र २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जरूर वाचावीत. कारण बसचे असेल तर आगारप्रमुखांना पत्र तेथूनच जाऊ शकते, आणि शुल्काचे असेल तर त्या महाविद्यालयाच्या कार्यालयास त्याच आठवड्यात विचारता येते.