गाठ तीन मितींतच टिकते



पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘विश्वाला तीनच मिती का?’ पण दयानंद महाविद्यालयाच्या फाटकातून आत आलो आणि पाय आधी वळले ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेकडे. लोलकाचा दोरा तिथे ज्याचा त्यानेच बांधायचा. गाठ सैल दिसली की सर ती सोडून परत बांधायला लावायचे. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी माग असलेल्या मुलांची गाठ मात्र पहिल्याच खेपेला पास! दोन टोकं चिमटीत, एक वळसा, अंगठ्याचा दाब. तुटलेला ताणा ती अशीच सांधायची.

या गाठीतच आजचा विषय आहे. नुसत्या लांबी-रुंदीच्या सपाट जगात धागा धाग्यावरून जाऊच शकत नाही. चार मितींत दोऱ्याची कुठलीही गाठ टोकं न सोडता सुटून येते. ती टिकते फक्त तीन मितींत. २०१७ साली एडिंबरा विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्जुन बेरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की विश्वाच्या आरंभी ऊर्जेच्या नळ्यांचं गाठाळलेलं जाळं तयार झालं आणि त्याच्या जोरावर तीनच मिती फुगल्या. अजून ते सिद्ध झालेलं नाही, पण मला फार आवडतं.

त्याआधी, १९१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एहरनफेस्ट यांनी दाखवलं होतं, की अवकाशाला चौथी मिती असती तर गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात घटलं असतं. मग पृथ्वीला जरासा धक्का लागला, की ती सूर्यात तरी पडली असती, नाहीतर कायमची दूर गेली असती. जास्त मितींतही कक्षा टिकतील असा गुरुत्वाचा नियम कोणता, हा शोध पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे माजी संचालक नरेश दधीच यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये घेतला.

पुढचं गणित फळ्याशिवाय सांगता येत नाही. पण मुलांनो, हाताने करा! व्हिडिओ शंभर वेळा बघा, गाठ बोटांनाच कळते. कक्षा काढायची तर कागदावर काढा, चुकली तर खोडून परत काढा.

पहिल्या रांगेतल्या आई-वडिलांनाही हात जोडून सांगतो. मुलगी मागापाशी उभी राहिली, मुलगा सायकल खोलून बसला, तर ‘आधी अभ्यास कर’ म्हणून उठवू नका.

आणि प्राचार्य, परवानगी असेल तर उद्या सकाळी दहाला प्रयोगशाळा उघडी ठेवा. माझी गाडी संध्याकाळची आहे. ज्यांना एहरनफेस्टचं गणित स्वतः करून बघायचंय, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन यावं. मी थांबतो.