तक्रारीचा अर्ज आपल्याच हातचा हवा

पत्रिकेत विषय ‘बँक आणि ग्राहक’ असा छापलाय. मला त्यातलं एकच सांगायचंय. बँकेकडून भरपाई मागताना मध्ये माणूस घालू नका.

कर्जासोबत विमा कसा गळ्यात मारतात, हे इथे कर्जाचे हप्ते फेडणाऱ्यांना मी काय सांगू! (हशा) ब्रिटनमध्ये त्याचं नाव होतं पीपीआय. आजारपण आलं, नोकरी गेली, तर हप्ते भरणारा विमा. ज्यांना त्याचा दावा कधी करताच आला नसता, अशांनाही तो विकला. २०११ साली बँका कोर्टात हरल्या आणि पुढे सुमारे ३८ अब्ज पौंड त्यांना परत करावे लागले. तक्रार फुकट होती. आधी बँकेकडे जायचं, तिथे नाही पटलं तर लोकपालाकडे. या फुकटच्या वाटेवर फी घेऊन तक्रार करून देणाऱ्या क्लेम कंपन्या नाक्यासारख्या उभ्या राहिल्या.

माझी मावसबहीण लंडनच्या हॅरो भागात राहते, एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती. रोज फोन, ‘तुमचे पैसे अडकलेत’. शेवटी तिने सही केली. मग कंपनीचा फॉर्म आला. कर्ज कधी घेतलं, खाते क्रमांक काय, विमा ऐच्छिक आहे हे सांगितलं होतं का? सगळं हिनेच जुन्या फाइली उपसून भरलं. कंपनीने त्यावर आपला छापील मजकूर चिकटवला. त्यात लिहिलं होतं, ‘मी स्वयंरोजगार करते’! बँकेने उलट विचारलं, आमच्याकडे तर तुम्ही नोकरदार आहात. तेव्हा हिने स्वतः चार ओळी लिहिल्या: नोकरीच होती, आजारपणात शाळा पगार देत होती, विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं काउंटरवर सांगितलं गेलं. त्या चार ओळींवर दोन हजार पौंड मंजूर झाले. त्यातले सहाशे कंपनीचे, वर व्हॅटचे एकशेवीस. मी विचारलं, अगं, मग आधीच का नाही लिहिलंस? म्हणाली, “बँकेला इंग्रजीत लिहायचं म्हटलं की हात थरथरतो रे.”

ही भीतीच कंपन्यांची खरी कमाई. २०१८ च्या जुलैपासून कायद्याने त्यांची फी व्हॅट सोडून वीस टक्क्यांवर आणली, पुढच्या वर्षी त्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. चांगलंच झालं. पण जे काम आपणच करतो, त्याचे वीस टक्के तरी का द्यायचे?

(मागून आवाज : “म्हाताऱ्या माणसाने काय करायचं?”)

रास्त आहे. मुलाला, शेजाऱ्याला लिहायला बसवा. सांगा मात्र तुम्ही. आणि मी सगळ्या कंपन्यांना चोर म्हणत नाही, तसा अर्थ काढू नका. कोर्टाची पायरी चढायची असेल तर वकील कराच.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. ब्रिटनमधलं मोटार कर्जाच्या कमिशनचं प्रकरण सोडून देतो, आपल्याकडचं मात्र सांगतोच. एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले, तर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे रोजचे शंभर रुपये, तेही न मागता. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा आदेश आहे. परस्पर कुणी पैसे काढले आणि चूक तुमची नसेल, तर बँकेचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवा, तुमच्यावर बोजा नाही. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याच्या योजनेत फी नाही आणि दुसऱ्याची तक्रार घेऊन वकिलाला तिथे येताच येत नाही! (टाळ्या) टाळ्या नंतर, आधी लिहून घ्या. अर्ज कोणत्याही भाषेत चालतो, मराठीत लिहा. तारीख, रक्कम, काय घडलं आणि काय हवंय, एवढंच. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच सोबत जोडा. पोच नसेल, तर उद्या सकाळी शाखेत जाऊन शिक्क्यासह घ्या.