ग्रीक विवाहविधीची परिभाषा आणि तिचे इंग्रजी भाषांतर



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटले असेल की, ग्रीस देशातील नगरपालिकांत लागणाऱ्या लग्नांचे दस्तऐवज इंग्रजीत कसे उतरवावेत याची विवंचना तेथल्या वकिलांनी आणि दुभाष्यांनी करावी, ती आपल्या व्याख्यानमालेत कशाला? शंका रास्त आहे. पण आपल्या कायद्याची निम्मी परिभाषा इंग्रजीवरून ओतलेली असल्यामुळे, शब्द आणि त्याचा कायदेशीर परिणाम यांची फारकत कशी होते, हे आपल्याला घरच्या उदाहरणांत दिसत नाही. आपण त्या सवयीत मुरलेले असतो. परक्या दोन भाषांच्या व्यवहारात ते स्वच्छ दिसते. आणि जो विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे तो इतकाच की, या क्षेत्रात भाषांतरकार अडतो तो शब्द न सापडल्यामुळे, परंतु फसतो तो शब्द फार लवकर सापडल्यामुळे.

प्रथम ‘पोलितिकोस गामोस’ या मूळ संज्ञेकडेच पाहू. ‘गामोस’ म्हणजे विवाह, आणि ‘पोलितिकोस’ हे विशेषण ‘पोलिस’ म्हणजे नगरराज्य या प्राचीन शब्दापासून आलेले. आधुनिक ग्रीकमध्ये ते राजकीय आणि नागरी अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. त्यामुळे कोशाच्या पहिल्या ओळीवर विसंबणारा नवशिका ‘राजकीय विवाह’ असे लिहून मोकळा होईल, आणि वाचणाऱ्याला दोन राजघराण्यांमधील तहाची आठवण होईल. इंग्रजीत येथे ‘सिव्हिल मॅरेज’ हाच शब्द योग्य, आणि त्याबद्दल वाद नाही. गंमत अशी की, ज्या संहितेत या विवाहाचे नियम आहेत तिला इंग्रजीत ‘सिव्हिल कोड’च म्हणतात, पण ग्रीकमध्ये तिचे नाव ‘आस्तिकोस कोदिकास’, म्हणजे ‘आस्ती’ या नगरवाचक दुसऱ्याच शब्दापासून झालेले. आपल्या कानाला ते ‘आस्तिक’ वाटावे हा निव्वळ योगायोग, कारण ही संहिता सर्वथा ऐहिक आहे. इंग्रजीने एकाच ‘सिव्हिल’मध्ये जे कोंबले आहे ते ग्रीकने दोन शब्दांत वाटून ठेवले आहे. आपल्याकडे त्याच इंग्रजी शब्दाला ‘दिवाणी’ हा फारसी शब्द कचेरीत रूढ झाला. पण दिवाणीच्या समोर फौजदारी उभी असते, धर्मविधी नव्हे, म्हणूनच ‘दिवाणी विवाह’ असे कोणी म्हणत नाही आणि लोक सरळ ‘रजिस्टर लग्न’ म्हणून मोकळे होतात.

ग्रीकमध्ये मात्र ‘पोलितिकोस’च्या समोर धर्मविधीच उभा आहे, आणि त्यामागे हजार वर्षांचा इतिहास आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याने आपल्या एका फर्मानाने असे ठरवले की, चर्चच्या आशीर्वादावाचून विवाह विवाहच नव्हे. तेथून पुढे राज्ये गेली, तुर्कांचा अंमल आला आणि गेला, स्वतंत्र ग्रीस उभे राहिले, पण हा सिद्धान्त बव्हंशी टिकून राहिला. १९४० साली सिद्ध झालेली आणि महायुद्धामुळे १९४६च्या फेब्रुवारीत अमलात आलेली नागरी संहिताही त्याच वाटेने गेली. १९८१ साली आंद्रेआस पापांद्रेऊ यांचे समाजवादी सरकार अधिकारावर आले, तेव्हा नागरी विवाह सर्वांना सक्तीचा करण्याचा विचार प्रथम होता. चर्चचा विरोध झाला, आणि तडजोड म्हणून १९८२च्या १२५० क्रमांकाच्या कायद्याने दोन्ही पद्धती समान दर्जाच्या ठरवल्या. नगराध्यक्षासमोर दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत उभयतांनी जाहीरपणे केलेले निवेदन हा एक मार्ग, आणि धर्मगुरूंच्या हस्ते होणारा विधी, म्हणजे ‘इएरोलोयिया’, हा दुसरा.

या दुसऱ्या मार्गाच्या कलमात भाषांतरकारासाठी एक लहानसा सापळा आहे. ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंखेरीज ‘ग्रीसमध्ये ज्ञात असलेल्या’ अन्य पंथाच्या किंवा धर्माच्या पुरोहितालाही विवाह लावता येतो, असे ते कलम म्हणते. इंग्रजी वाचकाला ‘ज्ञात धर्म’ हा शब्दप्रयोग विचित्र वाटतो, म्हणून सहृदय भाषांतरकार तो सुधारून ‘मान्यताप्राप्त धर्म’ असे लिहितो. सुधारणा नव्हे, ही चूक आहे. ग्रीसच्या १९७५च्या संविधानातही हाच ‘ज्ञात’ शब्द आहे, आणि त्याचा अर्थ असा की, ज्या धर्माची तत्त्वे आणि उपासना उघड आहेत, ज्यात गुप्त दीक्षा वा गुप्त शिकवण नाही, तो. सरकारकडे अर्ज करून शिक्का मिळवण्याशी त्याचा संबंध नाही. शब्दशः भाषांतर येथे ओबडधोबड दिसते, पण खरे असते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. विवाहात दोष असेल तर ग्रीक कायदा तीन संज्ञा वापरतो: ‘आकिरोस’, ‘आकिरोसिमोस’ आणि ‘आनिपोस्तातोस’. इंग्रजीत पहिल्या दोहोंसाठी ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ ही जोडी जणू हात जोडून उभीच असते. आपल्या कचेरीच्या भाषेत रद्दबातल आणि रद्द होण्याजोगा. शब्दांची घडण इतकी जुळते की कोणालाही मोह व्हावा. पण एका उदाहरणावर ही जोडी घासून पाहा. एका गृहस्थाने पहिला विवाह कायम असताना अथेन्सच्या नगरपालिकेत दुसरा विवाह केला, असे धरा. संहितेच्या १३५४व्या कलमाप्रमाणे पहिला विवाह अंतिमतः संपुष्टात आल्याशिवाय दुसरा करता येत नाही. तेव्हा हा दुसरा विवाह ‘आकिरोस’. भाषांतरकार ‘व्हॉइड’ लिहितो आणि कागद लंडनच्या सॉलिसिटरकडे जातो. इंग्लंडच्या कायद्यात रद्दबातल विवाह जन्मापासूनच मृत असतो. न्यायालयाचा निर्णय घेता येतो, पण तो आवश्यक नसतो. सॉलिसिटर त्या आधारावर असा सल्ला देईल की, दुसऱ्या पत्नीला काही हक्कच उत्पन्न झाला नाही. ग्रीक कायदा मात्र म्हणतो की, ‘आकिरोस’ विवाहदेखील न्यायालयाच्या निर्णयानेच रद्द होतो, आणि तो निर्णय होईपर्यंत विवाहाचे सर्व परिणाम चालू राहतात. म्हणजे मधल्या काळात ती स्त्री पत्नीच आहे. मग ‘व्हॉइडेबल’ लिहावे काय? तेही जमत नाही, कारण इंग्लंडमध्ये १९७१च्या कायद्यापासून असा विवाह रद्द झाला तरी तो निर्णयाच्या क्षणापासून पुढेच संपतो, मागचे सारे वैध राहते. ग्रीक निर्णय मात्र मुलांचे औरसत्व आणि निष्कपट जोडीदाराचे संरक्षण वगळता विवाहाचे परिणाम मुळापासून पुसतो. ग्रीक ‘आकिरोस’ निम्मा इंग्रजी ‘व्हॉइड’सारखा आणि निम्मा ‘व्हॉइडेबल’सारखा, आणि अखेर दोहोंसारखाही नाही.

मग ‘आकिरोस’ आणि ‘आकिरोसिमोस’ यांत फरक काय उरला? मुख्यत्वे दावा लावण्याच्या अधिकाराचा. द्विभार्या, निषिद्ध नाते अशा दोषांसाठी पती, पत्नी, ज्याचा हितसंबंध आहे असा कोणीही, किंवा सरकारी अभियोक्तादेखील न्यायालयात जाऊ शकतो. परंतु व्यक्तीविषयी भ्रम झाला असेल किंवा धमकीखाली संमती दिली असेल, तर फक्त त्या फसलेल्या वा भ्यायलेल्या जोडीदारालाच दावा करता येतो, त्याच्या वारसांना नाही. इंग्रजी जोडीचा कुळवृत्तान्त पार वेगळा आहे. धर्मपीठाची न्यायालये आणि राजाची न्यायालये यांच्यातील अधिकारांच्या झटापटीत, जोडीदारांपैकी एक मेल्यावर धर्मपीठाने विवाह मोडू नये, या मर्यादेतून तो भेद तेथे रूढ झाला. शब्दांचे चेहरे सारखे, वंश भिन्न. माझ्या मते येथे प्रामाणिक भाषांतरकाराने ‘व्हॉइड’ हा शब्द एकटा कधीही सोडू नये. ‘न्यायालयीन निर्णयाने रद्द करावयाचा’ अशी पुस्ती त्याला जोडावी, किंवा ग्रीक शब्द तसाच ठेवून टीप द्यावी. गिऱ्हाईक कुरकुरते, कारण टिपेने कागद वाढतो. वाढू द्यावा.

तिसरी संज्ञा ‘आनिपोस्तातोस’ हिची कथा आणखी मनोरंजक आहे. कायद्याने सांगितलेल्या दोनांपैकी एकही विधी मुळीच पाळला गेला नसेल तर तो विवाह ‘आनिपोस्तातोस’, म्हणजे ज्याला अस्तित्वच नाही असा. या शब्दात ‘हिपोस्टासिस’ दडलेला आहे. चौथ्या शतकात कॅपडोशियाच्या धर्माचार्यांनी ईश्वरी त्रयीतील प्रत्येकाच्या स्वतंत्र सत्तेसाठी वापरलेला तोच शब्द. अशा विवाहाला रद्द करण्याचेही कारण नाही, कारण नसलेले रद्द कसे करणार? इंग्लंडच्या न्यायाधीशांना ही तिसरी कोटी दीर्घकाळ अडचणीची वाटत आली. लंडनच्या एका उपाहारगृहात १९९८ साली झालेल्या आणि पुढे कधीच नोंदणी न झालेल्या निकाहविषयी २०२० साली तेथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा ‘नॉन-मॅरेज’ हा आधीचा शब्द टाकून ‘नॉन-क्वालिफाइंग सेरेमनी’ असा नवा शब्द स्वीकारला. तो कानाला सौम्य लागतो, पण ग्रीक शब्दाचे भाषांतर म्हणून तो चालणार नाही; तो समारंभाविषयी बोलतो, ग्रीक शब्द विवाहाविषयी.

कोटींची ही निवड किती दूरवर परिणाम करते याचा एक जुना दाखला फ्रान्समधला आहे. एका ग्रीक पुरुषाने पॅरिसमध्ये एका फ्रेंच स्त्रीशी नागरी पद्धतीने विवाह केला. पुढे तिने घटस्फोट मागितला, तेव्हा त्याने उलट असा पवित्रा घेतला की, ऑर्थोडॉक्स धर्मगुरू उपस्थित नसल्यामुळे ग्रीक कायद्याप्रमाणे हा विवाह झालेलाच नाही. धर्मगुरूची उपस्थिती हा विवाहाचा सत्त्वभाग की केवळ बाह्य विधी, एवढ्यावर सारे अवलंबून होते. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायपीठाने २२ जून १९५५ रोजी सांगितले की, हा विधीचा प्रश्न आहे, आणि विधी जेथे विवाह झाला त्या देशाच्या कायद्याचा. विवाह टिकला. आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याच्या अभ्यासक्रमांत हा निवाडा आजही शिकवतात.

आता प्रत्यक्ष कागद कसा असतो ते पाहा. विवाहाच्या नोंदणीच्या उताऱ्यात वधूचे आडनाव बहुधा तिच्या वडिलांच्या आडनावासारखे पण वेगळ्या टोकाचे दिसते. पापादोपुलोस पुरुष, पापादोपुलू स्त्री. स्त्रीचे आडनाव षष्ठी विभक्तीत असते, एवढेच त्याचे कारण. इंग्रज कारकुनाला मात्र पिता आणि कन्या दोन घराण्यांची वाटतात, आणि मग खुलाशाचे पत्र येते. १९८३च्या कायद्याने स्त्रीने विवाहानंतरही आपलेच आडनाव ठेवावे असा नियम केला, त्यामुळे मुलांचे आडनाव काय राहील हे उभयतांनी आधीच जाहीर करावे लागते. नगरपालिकेच्या दप्तरात कुटुंबाच्या नोंदीला ‘मेरिदा’ म्हणतात, ज्याचा अर्थ खाणावळीत वाढलेला वाटा असाही होतो; आपण ‘खातेउतारा’ म्हणतो त्या धर्तीवर त्याचे भाषांतर करावे. आणि विवाहापूर्वी द्यावयाचा ‘आगामियास’चा दाखला? ‘आगामिया’ हा शब्द धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यालाही लागतो, म्हणून शब्दशः चालणारा भाषांतरकार येथे सरळ ब्रह्मचर्याचे प्रमाणपत्र देऊन बसेल. नगरपालिकेला एवढे मोठे तपश्चर्येचे ज्ञान असण्याची अपेक्षा कोणी करू नये. तो केवळ अविवाहित असल्याचा दाखला आहे.

ग्रीकांनी स्वतःच या कायद्याचे एकदा ग्रीकमधून ग्रीकमध्ये भाषांतर केले, हे आपल्याला विशेष भावावे. मूळ संहिता ‘काथारेव्हुसा’ या संस्कारित, प्राचीनाभिमुखी भाषेत होती, जिची संस्कृतप्रचुर लेखनाला सरावलेल्या मराठी वाचकाला सहज कल्पना येईल. १९७६ नंतर ती शाळा-कचेऱ्यांतून मागे सरली, आणि १९८४च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने संहितेचे लोकभाषेतले रूप सिद्ध झाले. पण ‘आकिरोस’ आणि ‘आनिपोस्तातोस’ यांना हात लावण्याचे धाडस त्या रूपातही झाले नाही. भाषा बदलली, परिभाषा नाही.

घटस्फोटाबद्दल फार बोलत नाही. ‘दियाझियो’ म्हणजे जू सोडणे, आणि न्यायालयात जे कारण मांडावयाचे त्याला ग्रीक लोक ‘तीव्र हादरा’ म्हणतात, इंग्रज ‘कायमचे मोडणे’. दोन्ही वाक्प्रचार परस्परांच्या जागी ठेवले तर फारशी हानी होत नाही, म्हणून तेथे वेळ घालवण्याचे कारण नाही.

हानी होते ती २००८च्या ‘सिम्फोनो सिम्वियोसिस’मध्ये. शब्दशः ‘सहजीवनाचा करार’, म्हणून इंग्रजीत तो ‘कोहॅबिटेशन अॅग्रीमेंट’ होतो. पण इंग्लंडमध्ये त्या नावाचा कागद म्हणजे अविवाहित जोडप्याने भाडे, फर्निचर आणि बँकेतील शिल्लक यांबाबत केलेला खासगी समझोता. ग्रीक करार मात्र नोटरीसमोर होतो, नगरपालिकेच्या दप्तरात दाखल होतो आणि वारसाहक्कापर्यंत जातो. आणि तिकडचा नोटरीही कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेला गृहस्थ नव्हे, तर दस्तऐवजाच्या वैधतेची जबाबदारी वाहणारा विधिज्ञ अधिकारी आहे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली, समलिंगी जोडप्यांना या करारातून वगळणे अन्याय्य ठरवणारा निर्णय दिला, तेव्हा आपल्या इंग्रजी प्रतीत ‘सिव्हिल युनियन’ हा शब्द वापरला. तो अधिक जवळचा. २०१५च्या कायद्याने तो करार समलिंगी जोडप्यांना खुला झाला.

याच २००८ साली तिलोस या लहान बेटाच्या नगराध्यक्षांनी दोन समलिंगी जोडप्यांचे नागरी विवाह लावले. १९८२च्या कायद्यात ‘व्यक्ती’ असे म्हटले आहे, स्त्री-पुरुष असे नाही, हा त्यांचा युक्तिवाद. प्रकरण ‘आरेओस पागोस’ या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ साली तेथे निर्णय झाला की, ते विवाह ‘आनिपोस्तातोस’ आहेत. नगराध्यक्ष हजर, साक्षीदार हजर, निवेदन जाहीर; विधी सर्व पाळले गेले होते, तरी विवाह अस्तित्वात नाही! विधीच्या अभावासाठी घडवलेली कोटी येथे जोडीदारांच्या लिंगासाठी लावली गेली. या निवाड्याचे इंग्रजी करताना ‘व्हॉइड’ लिहिणारा भाषांतरकार न्यायालयाचा संपूर्ण कठोरपणा झाकून टाकतो. २०२४च्या फेब्रुवारीत ५०८९ क्रमांकाच्या कायद्याने समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली आणि संहितेचे कलम बदलले. पण २०१७चा निवाडा दप्तरात आहे, त्याची नक्कल अजून मागवली जाते, आणि ती नक्कल इंग्रजीत उतरवणाऱ्याने तेथे ‘अस्तित्वहीन’ हाच शब्द ठेवला पाहिजे.