मळ्यातला वारकरी

(दिंडीच्या शताब्दी वर्षात, आषाढ वद्य चतुर्दशीस, श्रीसंत सावता महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त गावच्या विठ्ठल मंदिरात झालेले भाषण)



पंढरीहून येऊन आपल्याला पंधरवडा होत आला. कुणाच्या पायाचे फोड अजून वाळायचेत, आणि इकडं खुरपणीला माणूस मिळंना. अशा दिवसांत कुणाला भाषणाला बसवू नये. पण तिथी सावतोबांची आहे, आणि मला एक मागणं मांडायचंय, म्हणून उभा राहिलो.

सावतोबा अरणचे. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात हे गाव. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी, म्हणजे वारी घराण्यात होतीच. शके १२१७, इसवी सन १२९५ ला आजच्या तिथीला त्यांनी देह ठेवला. माउलींच्या समाधीच्या आदल्या वर्षी. पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य धरतात, आणि ते जवळपास सगळं उघड्यावर, मळ्यात गेलं.

परंपरा सांगते की सावतोबा पंढरीला गेले नाहीत. अरणहून पंढरी म्हणजे दीड दिवसाची चाल. एवढ्या जवळून का गेले नसतील? कीर्तनात याचं उत्तर मोठ्या तत्त्वज्ञानानं देतात, ते बरोबरच असेल. मी शेतकरी माणूस, मला वेगळंही दिसतं. जिरायतवाल्याला पेरणी उरकली की चार दिवस उसंत मिळते. माळव्याला उसंत नाही. मोट चालू आहे, पाटाला पाणी आहे, एक वाफा भरला की दुसरा फोडायचा. दारं धरलेला माणूस मधेच उठून गेला तर पाणी बांध फोडून जातं. सावतोबांनी दारं सोडली नाहीत, आणि जे शोधायला लोक गावोगाव फिरतात ते त्यांना भाजीपाल्याच्या वाफ्यात दिसलं. बाहेर, उन्हात, मातीत.

त्यांचे सदतीस अभंग आज मिळतात. ते काशिबा गुरव लिहून घेत, असं सांगतात. त्यातल्या भाजीपाल्याच्या अभंगात मिरचीचं नाव येतं. आता मिरची आपल्या देशात आली पोर्तुगीजांबरोबर, सावतोबांच्या नंतर दोनशे वर्षांनी. काही जण म्हणतात, ते काळं मिरं असेल. मला वाटतं, नंतरच्या कुणा गाणाऱ्यानं आपल्या वाफ्यातलं एक रोप त्यात लावलं असेल. सावतोबांना त्याचं वाईट वाटलं नसतं.

आणि मंडळी, हा माणूस संसारी होता. पत्नी जनाई, भेंड गावची लेक. विठ्ठल आणि नागाताई ही दोन मुलं. एकदा सासुरवाडीची माणसं घरी आली आणि सावतोबा भजनात दंग, त्यांच्याकडं लक्षच नाही. जनाई चिडली. चिडणारच! माहेरची माणसं दारात आली अन् घरधनी बघत नाही, कोणती बाई गप बसेल? कथेत पुढं असं येतं की सावतोबांनी गोड शब्दांत तिची समजूत काढली आणि तिचा राग गेला. बायकोचं बोलणं ऐकून घेणारा संत मला जवळचा वाटतो.

कूर्मदासांची कथा तुम्हाला पाठ आहे. हातपाय नसलेला भक्त पैठणहून सरपटत निघाला तो लऊळपर्यंत आला. त्याला भेटायला देव निघाले, ज्ञानदेव-नामदेव संगतीला. वाटेत अरण लागलं, आणि देव सावतोबांच्या मळ्यात शिरून त्यांच्या पोटात लपले. एक चालू शकत नव्हता, दुसरा मळा सोडत नव्हता. देव दोघांकडंही गेले. आजही पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला येते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात, इथं उलटं.

आता माझं मागणं. या ग्रंथासाठी आपण दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या. कोण चाललं, वीणा कुणाकडं होता, भिशी किती जमली, तंबूला किती गेले, सगळं आहे. मागं धारा कुणी काढल्या, पेरणी कुणी उरकली, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कुणी नेलं, याची एक ओळ नाही.

आमच्या घरी तीन पिढ्या वीणा आहे, लोक कौतुक करतात. आमचे चुलते, तात्या, एकदाही वारीला आले नाहीत. वेशीपर्यंत येत, वीणेकऱ्याच्या पाया पडत अन् माघारी फिरत. घरात झोपणं त्यांना ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात गोठ्याच्या पडवीत, एरवी माळ्यावर. टिटवीनं अंडी कुठल्या ढेकळात घातली हे त्यांना माहीत असायचं, अन् तेवढा तुकडा कुळवायचा ठेवायचे. आम्हा सगळ्या पोरांना पोहायला त्यांनीच विहिरीत ढकललं, आणि पाठोपाठ उडीही तेच मारायचे. चुलतीला संधिवात झाला तेव्हा चुलीपुढं बसून भाकरी थापायला शिकले. पहिली वाकडी झाली म्हणून घरभर दाखवत फिरले. मी एकदा विचारलं, "तात्या, यंदा तुम्ही जा, मी राहतो." म्हणाले, "तू दारं धरशील व्हय? वाफं फोडून ठेवशील माझं. जा तू, पांडुरंगाला सांग, माळवं बरं आलंय."

गेल्या माघात तात्या गेले. दिंडीच्या वहीत त्यांचं नाव नाही.

मी हा विषय बैठकीत काढला तर एक जण म्हणाले, "ग्रंथ चाललेल्यांचा आहे. राहिलेल्यांची नावं घ्यायची तर सगळं गावच लिहावं लागेल." लिहू की! गाव केवढं आहे? पाचपन्नास पानं वाढतील, कागदाचा खर्च मी बघतो.

लेखनिकबुवा तिकडं खांबाशी नवी वही घेऊन बसलेत. श्रावणातल्या पहिल्या एकादशीपर्यंत नावं घेणार आहेत. आपापल्या घरातून वारीच्या महिन्यात कोण मागं राहायचं, किती वर्षं, काय काम सांभाळलं, ते सांगा. गेलेल्यांचीही सांगा. बायकांची नावं अमक्याची आई, तमक्याची सून अशी देऊ नका, त्यांची स्वतःची द्या. पहिल्या पानावर तात्यांचं आणि चुलतीचं नाव मी घातलंय, त्याखाली जागा आहे.

रामकृष्ण हरी.